तेरा वर्षांनी कुमसार

धाकट्या बहिणीचा फोन आला तो १९ जानेवारीला, रविवारी दुपारी. तिची मुलगी तेव्हा महिन्याची होती. “ताई, माद्रीन तू. नाही म्हणू नकोस.” माद्रीन म्हणजे गॉडमदर. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरात हा पोर्तुगीज वळणाचा शब्द अजून चालतो. मी हो म्हणून मोकळी झाले. बाळाला मांडीवर घ्यायचं, मेणबत्ती धरायची, सोन्याचं काहीतरी छोटं करायचं, एवढीच माझी कल्पना.

चार दिवसांनी तिने कागदांची यादी पाठवली. ती लग्न होऊन वसईला गेली आहे. तिच्या धर्मग्रामाच्या (पॅरिश, म्हणजे एका चर्चची हद्द) कचेरीला माझा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या कन्फर्मेशन संस्काराची, नोंद हवी होती, आणि मी राहते त्या पॅरिशच्या फादरांचं पत्र हवं होतं की ही बाई चर्चमध्ये येणारी-जाणारी, संस्कार घेणारी कॅथलिक आहे. हे कचेरीच्या मनाचं नव्हे. गॉडपेरेंट सोळा वर्षांपुढचा, दृढीकरण झालेला आणि श्रद्धेला धरून जगणारा असावा, असं चर्चच्या कायद्यातच आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात सहसा बाप्तिस्मा करत नाहीत, म्हणून तारीख ठरली ईस्टरनंतरच्या रविवारची, २७ एप्रिल. पत्र दोन आठवडे आधी द्यायचं, म्हणजे १३ एप्रिल.

मी पुण्यात राहते. नवरा हिंदू. २०१२ साली बिशपांची रीतसर परवानगी काढून आमचं चर्चमध्ये लग्न लागलं. त्यानंतर माझं चर्च म्हणजे नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे उपासना, तीही थंडी फार नसेल तर. भांडण झालं नव्हतं, श्रद्धा उडाली असंही नाही. सुटत गेलं.

बाप्तिस्म्याचा दाखला सगळ्यात सोपा निघाला, म्हणून आधी तेच सांगते. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्याच वहीतून तो मिळतो. गावी भावाला सांगितलं, त्याने १० फेब्रुवारीला अर्ज दिला, शंभर रुपये देणगी दिली, आणि ३ मार्चला दाखला माझ्या हातात पडला. सिंधुदुर्गचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, २००५ साली पुण्यातून वेगळा झाला. माझा बाप्तिस्मा त्याआधीचा, त्यामुळे दाखला पुण्याहून काढायचा की काय असं मला वाटत होतं. तसं नसतं, वही गावीच राहते. आणि दृढीकरण नि लग्न यांची नोंद बाप्तिस्म्याच्याच नोंदीशेजारी करतात, तेव्हा अर्जात ‘शेऱ्यांसह उतारा’ असं स्पष्ट लिहा. एका कागदात तीन कामं होतात.

पत्राचं घोडं मात्र अडलं. ८ फेब्रुवारीला, शनिवारी, मी आमच्या पॅरिशच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरींनी वही उलटसुलट चाळली. आमचं नाव कुठेच नव्हतं. कुटुंबाचं कार्ड काढायचा फॉर्म, पत्त्याचा पुरावा, लग्नाच्या दाखल्याची प्रत, महिन्याची वर्गणी शंभर रुपये. “आणि मागची बाकी, मॅडम?” त्यांनी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. “तेरा वर्षांचे पंधरा हजार सहाशे.” माझा चेहरा बघून ते हसले आणि चालू वर्षाच्या बाराशेंची पावती फाडली. विनोद म्हणून ठीक. पण दारातूनच परत फिरायला एखाद्याला एवढंही पुरेल, असं तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

फादरांसाठी पन्नास मिनिटं थांबले. ते तरुण होते, घाईत होते, पण तुसडे नव्हते. मिस्सेला येता का? ख्रिस्तप्रसाद घेता का? फादरपुढे पापं सांगून शेवटचं कन्फेशन कधी केलं? मी खरं ते सांगितलं. “मग असं करा,” ते म्हणाले, “रविवारी यायला लागा. कन्फेशन करा. कुठेही करा, माझ्याकडेच असं नाही. मग या, पत्र देतो.”

“केलं हे तुम्हाला कसं कळणार?”

“तुम्ही सांगाल तेव्हा.”

बाप्तिस्म्याला दाखला, लग्नाला दाखला, दृढीकरणाला दाखला. कन्फेशनला मात्र ना पावती, ना वही. पूर्वी पोर्तुगालमध्ये पॅरिशचे फादर याद्या ठेवत, ईस्टरपर्यंत कोण कन्फेशनला आलं आणि कोण राहिलं याच्या. १२१५ सालच्या चर्चच्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा कन्फेशन सक्तीचं केलं, त्याचा तो हिशेब. आता तसलं काही नाही. म्हणजे मला १३ एप्रिलला सरळ जाऊन ‘झालं’ म्हणता आलं असतं. हा विचार दोन महिने माझ्याबरोबर राहायला होता.

आता शब्दाबद्दल. मी एका प्रकाशनाकडे मुद्रितशोधन करते, त्यामुळे शब्द अडला की माझं पुढचं पान हलत नाही.

घरी सांगायचं काय? सासूबाईंना म्हटलं, आई, मला कन्फेशनला जायचंय. त्या म्हणाल्या, “म्हणजे प्रायश्चित्त घ्यायचंय ना?” मराठी चर्चमध्ये या संस्काराला प्रायश्चित्त संस्कारच म्हणतात, तेव्हा मी मान हलवली. पण सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर पंचगव्य आलं. “आमच्याकडे तुमच्या लोकांबरोबर चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्त घ्यायला लागायचं,” त्या म्हणाल्या, आणि दोघी हसलो. गोष्ट खरीच आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या बड्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, नावं छापून आली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. टिळकही त्या यादीत होते. मिशन अँग्लिकन, म्हणजे आमचे नव्हेत, पण सासूबाईंना तेवढा फरक कोण सांगत बसणार.

त्या शब्दात अडचण अशी की प्रायश्चित्त म्हणजे नंतर करायची भरपाई. आधी पश्चात्ताप, मग तोंडाने सांगणं, मग भरपाई. शेपटीचं नाव अख्ख्या प्राण्याला दिलंय. ‘पापनिवेदन’ हा शब्द पुस्तकात बरा दिसतो, पण निवेदन म्हटलं की मला तहसीलदार आठवतो. आणि ‘कबुली’ शब्दाला तर वर्तमानपत्रांनी बेड्या घातल्यात. वास्तविक कबूल हा किती देखणा शब्द आहे. निकाहात तोच, आणि मराठी बायबलात येशू प्रभू आहे हे प्रत्येक जिभेने ‘कबूल करावे’ तेही त्याच शब्दात. लॅटिनमध्येही असंच आहे. तिथे एकाच क्रियापदात पाप सांगणंही बसतं आणि श्रद्धा जाहीर करणंही. पण आज ‘तिने कबुली दिली’ म्हटलं की हवालदार दिसतो.

माझ्या आजीकडे यातला एकही शब्द नव्हता. तिच्याकडे होतं कुमसार. पोर्तुगीज ‘कोन्फेसार’ कोकणीच्या जिभेवर घोळून घोळून गोल झालेलं. शनिवारी संध्याकाळी ती डोक्यावरून ओल, म्हणजे पांढरी चादर, घेऊन निघायची, आणि आम्हा पोरांना दारातून ओरडायची, “कुमसाराक चला गो!” आठव्या वर्षी माझी पापं पाठ होती: आईचं ऐकलं नाही, भावाला मारलं, साखर खाल्ली. तिसरं खोटंच होतं, दोन फार कमी वाटायची म्हणून घातलेलं.

ऑफिसात माझ्या शेजारी एक नगरची बाई बसते, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली, म्हणजे प्रॉटेस्टंट. तिच्यात फादरपुढे गुडघे टेकायचं नसतं, थेट देवाशीच बोलायचं. तिला म्हटलं, तुमच्यात काय म्हणता गं? तिने डब्यावरून मान वर न करता योहानाच्या पहिल्या पत्राची ओळ म्हटली: “जर आपण आपली पापे पदरी घेतली...” मी चपातीचा घास तसाच धरून बसले. पदरी घेणं! पेशव्यांच्या पदरी माणसं असत, पदरी पडलं की ते पवित्र होतं, आणि पापही आपल्याच पदरात घ्यायचं, दुसऱ्याच्या नाही. इतकी वर्षं मराठी तपासतेय, आणि हा प्रयोग माझ्या नजरेतून कसा निसटला कोण जाणे.

त्या आठवड्यात यादी करायला घेतली. मोबाइलमध्ये लिहू नका. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला समजा. मी रात्री ओट्यापाशी उभ्याने ‘यादी’ नावाची नोंद केली, आणि ती घरच्या टॅबवरही दिसते याचा मला पत्ता नव्हता. सकाळी आठ वर्षांचे चिरंजीव टॅब घेऊन आले. “आई, यात साखर नाहीये. आणि ‘आतेशी खोटं, किती वेळा’ म्हणजे काय आणायचं?”

‘किती वेळा’ हे माझं नव्हे, नियमाचं आहे. मोठं पाप असेल तर काय केलं आणि किती वेळा केलं, आठवेल तितकं सांगायचं. आणि मागच्या कन्फेशनमध्ये एखादी मोठी गोष्ट जाणूनबुजून लपवली असेल तर ते कन्फेशन धरत नाहीत. ती गोष्ट आणि ते लपवणं, दोन्ही सांगायचं. माझं अडलं होतं ते इथेच. लग्नाआधीच्या आठवड्यात, २०१२ साली, मी कन्फेशन केलं होतं. चार मिनिटांत. त्यात मी आतेची गोष्ट गाळली होती. ती काय, ते इथेही लिहीत नाही.

मग महावितरणच्या जुन्या बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने यादी उतरवली. उतरवताना सवयीने शोधनाच्या खुणा करायला लागले तेव्हा ध्यानात आलं, की सगळी वाक्यं एकाच साच्यातली आहेत. ‘माझ्या हातून घडलं.’ ‘बोललं गेलं.’ ‘जायचं राहून गेलं.’ ‘लक्ष गेलं नाही.’ मराठीत पापं घडतात. कोणी करत नाही. मी एकेक वाक्याला कर्ता लावत गेले. “मी केलं. मी बोलले. मी गेले नाही.” आतेच्या ओळीला मात्र लावता येईना. ती तशीच ठेवली.

१५ मार्चला, शनिवारी साडेपाचला पॅरिशमध्ये गेले. मिस्सेआधी अर्धा तास कन्फेशन, असा फलक आहे. जुन्या लाकडी कन्फेशनलच्या पेटीत दोन झाडू आणि एक बंद पडलेला स्पीकर. फादर अंत्यविधीला गेले होते. मला झालेला आनंद अंत्यविधीच्या दिवशी शोभण्यासारखा नव्हता. निघण्याआधी ऑफिसात फोन करत जा.

मग दोन शनिवार मुलाची परीक्षा, एक शनिवार वसईला, बाप्तिस्म्यापूर्वी आई-वडील आणि गॉडपेरेंट यांचा वर्ग असतो त्यासाठी. ९ एप्रिलला, बुधवारी, पॅरिशमध्ये सामुदायिक प्रायश्चित्त विधी होता. आजूबाजूच्या पॅरिशचे सात फादर चर्चभर खुर्च्या टाकून बसले होते, प्रत्येकापुढे रांग. तुम्हाला नुसतं उरकायचं असेल तर हा उत्तम दिवस. माझ्यापुढे वीसेक माणसं. पुढच्या बाईंचं बोलणं मला अर्धवट ऐकू येऊ लागलं, त्यांच्या सुनेचं नावसुद्धा, आणि मी रांग सोडली. बाहेर येऊन गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली.

उरले तीन दिवस.

पुण्यात फादरांची वाण नाही. फादर घडवणारी पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, तिच्याभोवती नगर रोडवर रामवाडीच्या बाजूला कितीतरी संस्था, मठ, चॅपेलं आहेत. शनिवारी, १२ एप्रिलला दुपारी चारला, त्यातल्याच एका चॅपेलमध्ये गेले. आधी फोन केला होता. उचलणाऱ्याने नावही विचारलं नाही, “चारला या” एवढंच. आत पंखा चालू होता. एका कोपऱ्यात जाळीचा लाकडी पडदा, त्यापाशी गुडघे टेकायची फळी, आणि ज्यांना समोरासमोर बोलायचंय त्यांच्यासाठी पलीकडे एक प्लास्टिकची खुर्ची. जाळीचा हक्क तुमचा असतो. मी जाळी घेतली. फळीवर पश्चात्तापाच्या प्रार्थनेचं इंग्रजी कार्ड लॅमिनेट करून ठेवलं होतं, कडेने सुटलेलं. म्हणजे ती विसरणारी मी एकटी नव्हते.

पलीकडे कोणीतरी घसा साफ केला. मी पहिलं वाक्य तीन भाषांत तयार करून गेले होते. मराठीत ते भाषणासारखं यायचं, इंग्रजीत सिनेमातल्यासारखं. कोकणी घरी बोलायचे, पण आजी गेल्यापासून तीही गंजलेली. एकही आलं नाही. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच: “फादर, कुमसार.”

क्षणभर काही नाही. मग म्हातारा, मंगळुरी हेलाचा आवाज: “कोंकणी?” त्यांची कोकणी वेगळी, माझी वेगळी, पण कुमसार दोन्हीकडे तेच. आणि आमच्यात कुमसार देत नाहीत, घेतही नाहीत. ‘कुमसार जावप’ म्हणतात, कुमसार होणं. निवेदनही नको, हवालदारही नको.

तेरा वर्षं झाली, असं सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. बिल पदराआड धरून वाचायला सुरुवात केली. मुद्दाम साडी नेसून गेले होते, त्या नगरच्या बाईमुळे असेल. आतेच्या ओळीपाशी आले आणि तोंडातून कोकणीतही तेच निघालं, म्हणजे तसं ते झालं, फादर.

“जालें, काय तुवें केलें?”

आवाज चढलेला नव्हता. भाजीवाल्याने ‘पाव की अर्धा’ विचारावं तसं विचारलं. झालं, की तू केलंस? मी म्हटलं, केलं. मग २०१२चंही सांगितलं. मग थोडा वेळ पंख्याचाच आवाज.

एकूण बारा-तेरा मिनिटं लागली असतील. खर्च शून्य, कन्फेशनला पैसे नसतात. आत बोललेलं फादर कुणालाही, कशासाठीही सांगू शकत नाहीत. मोडलं तर ते तत्क्षणी चर्चबाहेर, इतकं ते कडक आहे. आपल्याला मात्र आपलं सांगायची मोकळीक असते, म्हणून हे लिहू शकतेय. प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं होतं पाच-दहा ‘नमान मरिये’, म्हणजे मरियामातेच्या प्रार्थना, मिळतील. त्यांनी विचारलं, आते आहे का? आहे. फोन आहे तिच्याकडे? आहे. “मग पास्काआधी फोन कर. तें सांगपाची गरज ना. कशी आसा म्हूण विचार.” पास्का म्हणजे ईस्टर. मग पापक्षमेचे शब्द. तेवढे मी डोळे मिटून ऐकले. बिल बाहेर येऊन फाडलं. तुकडे पर्समध्ये होते, ते घरी येऊन कचऱ्यात टाकले.

रडले वगैरे नाही. भूक लागली होती. विमाननगरच्या कोपऱ्यावर वडापाव खाल्ला, आणि मग आठवलं की उपवासकाळ आहे. शुक्रवार नव्हता, चालतं.

१३ तारखेला, झावळ्यांच्या रविवारी, मिस्सेनंतर फादरांसमोर उभी राहिले. “झालं?” “झालं.” तेवढ्यावर त्यांनी पत्र टाइप करून सही-शिक्का दिला. पत्रात कन्फेशनचा उल्लेख नाही. फोटो काढून बहिणीला लगेच पाठवलं, मूळ प्रत स्पीड पोस्टाने.

पत्र मिळालं की फोनची निकड संपली. सोमवार गेला, गुरुवार गेला, उत्तम शुक्रवार गेला. १९ एप्रिलला, शनिवारी रात्री, ईस्टरच्या मिस्सेला निघायच्या अर्धा तास आधी मी नंबर लावला. सहा वेळा वाजला. ठेवणार इतक्यात आतेने उचलला. कोण, ते तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिने गुडघ्याचं सांगितलं, यंदा काजू कमी धरला ते सांगितलं, माझी सोलं संपली का विचारलं. ती गोष्ट तिने काढली नाही, मीही नाही. ठेवताना म्हणाली, “मधी मधी कर गो.”

त्यानंतरच्या सोमवारी पोप फ्रान्सिस गेले. २६ला त्यांचा अंत्यविधी, आणि दुसऱ्या दिवशी आमचा बाप्तिस्मा. वसईच्या त्या चर्चच्या दाराशी त्यांचा हार घातलेला फोटो होता आणि आत सात बाळांचा एकदम गलका. सगळा विधी मराठीत. बाळ पाणी पडेपर्यंत झोपलं होतं, नंतर मात्र अर्धा तास आमच्यापैकी कोणाचंच ऐकेना.

शेवटी ऑफिसात जाऊन वहीत सही. माद्रीनच्या रकान्यात माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. कारकून म्हणाले, चालतं हो. मी म्हटलं, नाही चालत, तिच्या लग्नाच्या वेळी हाच उतारा काढायचाय. त्यांनी लाल शाईने खोडलं, वर नीट लिहिलं, आणि शेजारी बारीक सही केली.